प्रवाळावर ओतलेला चुना

मित्रांनो, मी एक जुना प्रवाळ आहे. मालगुंडच्या कातळावर, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या एका खळग्यात मी राहतो. दिसायला परातीएवढा दगड, पण माझ्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे हजारो जीव नांदतात; त्यांची तोंडे तीच माझी तोंडे. समुद्राच्या पाण्यातून ते घराचा माल मिळवतात आणि चुन्याच्या भिंती बांधतात.

पूर्वी लोक वाकून मला पाहत आणि "केवढा सुंदर!" म्हणत. आता वाकतात ते थुंकायला. गुटख्याची लाल पिंक लोळत खाली येते आणि माझ्या तोंडांवर बसते. परवा एक वापरलेले डायपर फुगून अख्खी ओहोटी माझ्या अंगावर पडून होते. डिझेलचा तवंग तर रोजचाच. शी! मला नाक नाही, हे नशीब.

सर्वांत ओंगळ घाण मात्र डोळ्यांना दिसत नाही. गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड समुद्र गिळतो आणि पाणी हळूहळू आम्लतेकडे सरकते. तुमच्या जिभेला ते कळणार नाही. मला कळते, कारण बांधकामाचा माल अपुरा पडतो आणि नवी भिंत ठिसूळ होते.

गावातल्या छोट्या शमिकाने हे शाळेत ऐकले आणि घरी आजोबांना सांगितले. आजोबा म्हणजे धोंडू, संगमेश्वरकडचे शेतकरी, लेकीकडे पाहुणे आलेले. आंबट जमिनीत चुना टाकून त्यांनी जन्मभर भात पिकवला होता. नातीला खूश करायला ते पिशवीभर चुना घेऊन आले आणि तो माझ्या खळग्यात ओतला.

पाणी दुधासारखे झाले. माझे जीव घरात दडले, पण चुना दारातून आत शिरला. आग आग झाली. शेजारचा खेकडा उताणा पडला.

खडकाला चिकटलेली कालवे, म्हणजे शिंपले, काढायला आलेली शमिकाची शेजारीण सईदा धावली. "अवो धोंडूभाऊ, ह्यात काय वतलात?"

"चुना! समुद्र आंबट झालाय ना? आमच्या मळ्यात टाकला का भात कसा फोफावतो!"

"मग युरिया पन आणायचात! ती कुर्ली बघा, पाय झाडतेय."

"आरं देवा! नात बोलली, समुद्राला औषध नाय, म्हणून मी..."

"म्हणून तुमी वैद्य झालात? घ्या ते घमेलं, उपसा!"

धोंडू गढूळ पाणी उपसू लागले, सईदा समुद्राचे ताजे पाणी आणून ओतू लागली. भरती आली तोवर माझी निम्मी तोंडे कायमची मिटली होती. खेकडाही हलत नव्हता.

धोंडूंचे हात सोलवटले होते. हळूच त्यांनी विचारले, "आता ह्यात काय टाकू गो?"

"काय पन टाकू नका, भाऊ. तेवढंच कुनाला जमत नाय."

मित्रांनो, धोंडूंचा मला राग आला, किळस नाही आली. किळस येते ती माझ्यावर थुंकून शेजारी हसत फोटो काढणाऱ्यांची. माझी निम्मी तोंडे अजून उघडतात. त्यांत पिंक नको, तेल नको, धूर नको आणि औषधही नको. पाणी तेवढे पाण्यासारखे राहू द्या. घर आमचे आम्ही बांधू.