राजवैद्याची पानं

ड्यूटी संपली की बसड्रायव्हर थेट हॉस्पिटल गाठायचा आणि लेकीच्या उशाशी बसून तिची लाडकी महाकादंबरी वाचून दाखवायचा. राजे, राक्षस, उडते घोडे आणि पानोपानी मढी. मेल्या लेखकाला माणसं मारण्याशिवाय दुसरा धंदाच नव्हता! कोणाची घटका भरत आली की ड्रायव्हर गुपचूप पानं उलटायचा आणि त्या माणसाला मनानेच दूरदेशी धाडून द्यायचा.

आज डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून हात टेकले होते. तरी उसनं हसू आणून तो पुस्तक उघडून बसला.

"बाबा, यातलं सगळ्यात दुर्दैवी कोण रे?" लेकीने विचारलं.

"राजा. राज्य गेलं ना त्याचं."

"छे! राजवैद्य."

ड्रायव्हरने पुस्तकातून मान वर केली. राजकन्येच्या आजारपणाचं अख्खं प्रकरण त्याने गाळलं होतं. "त्याला काय धाड भरलीय?"

"तू ड्यूटीवर गेलास की गाळलेली पानं मी वाचते," ती म्हणाली. "राजकन्येला सगळं कळलेलं असतं, बाबा. तरी तो बिचारा रोज हसून सांगतो, उद्या बरं वाटेल. त्याला रडायलासुद्धा कोणी जवळ नसतं."

तिने पुस्तक मिटलं आणि पलंगावर सरकून त्याला जागा करून दिली.