सर्व्हरबुवांच्या हाताचा गुण

रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. नर्सेस, कारकून, अहो आमचे व्यवस्थापकसुद्धा हात जोडून उभे! मध्यभागी सर्व्हरबुवा एक हात मावशींच्या मॉनिटरवर ठेवून डोळे मिटून पुटपुटत होते. हे आमचे संगणक विभागाचे प्रमुख. पगार संगणकाचा घेत आणि बोलत मात्र पीडा, बाधा आणि सावल्यांबद्दल.

मावशी आमच्या जुन्या टायपिस्ट. महिनाभर त्यांचं एकच रडगाणं होतं. दिवसभर टाइप केलेले तपासणी अहवाल डेस्कटॉपवर ठेवून त्या घरी जायच्या आणि सकाळी डेस्कटॉप कोरा करकरीत! बाकी कुणाचं काही हलत नव्हतं.

"तीन मशीन बदलली. बाई बसली की तिथंही तेच!" बुवा गरजले. "दोष यंत्रात नाही. हिची सावली यंत्राला सोसत नाही. मी हात ठेवला की दोन दिवस थांबतं, पण मी किती पुरा पडू?"

"मावशी, राजीनामा द्या," व्यवस्थापक म्हणाले. "रुग्णांच्या जिवाशी खेळ नको."

 महिनाभर मावशींच्या शेजारी कुणी डबा उघडला नव्हता. मीही नाही. सांगायची लाज वाटते.

"प्रत्येकाच्या लॉगिनची सेटिंग्ज लिहिलेली ती प्रोफाइलची कॉन्फिगरेशन फाइल दाखवा," नव्या क्ष-किरण डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ती उघडायची नसते, कोप होतो," बुवा म्हणाले.

"होऊ दे. माझे अहवाल गेलेत."

व्यवस्थापकांनी नाइलाजानं फाइल उघडायला लावली. "लॉगिन केलं की माणसाचं सामान सर्व्हरवरून येतं, लॉगआउट केलं की परत जातं आणि मशीनवरचं पुसलं जातं," बाई म्हणाल्या. "कुणाचं कोणतं फोल्डर परत न्यायचं नाही, ते इथं लिहितात. वाचा."

व्यवस्थापकांनी चष्मा लावला. मावशींचं नाव, पुढं 'डेस्कटॉप'.

"म्हणून त्या कुठंही बसल्या तरी काम फेकलंच जाणार. आता बदलांची नोंद बघा. बुवांनी हात ठेवला त्या दिवशी ओळ काढलेली, दोन दिवसांनी परत घातलेली. चार वेळा! प्रत्येक वेळी बुवांच्याच नावानं."

"शक्ती माझ्या हातून लिहिते," बुवा पुटपुटले.

"शक्तीला पासवर्ड तुमचाच लागतो वाटतं?"

बाईंनी ओळ पुसली. मावशींनी एक अहवाल टाइप केला, लॉगआउट केलं आणि दुसऱ्या मशीनवर लॉगिन केलं. अहवाल जागच्या जागी! त्याच वेळी व्यवस्थापकांना आठवलं आणि ते बोलून गेले, मावशींच्या जागेसाठी बुवांच्या मेहुणीचा अर्ज कधीचा आलेला होता. शी! मला अक्षरशः शिसारी आली, त्या माणसाची आणि आम्हा सगळ्यांची.

"गैरसमज झाला, मावशी," व्यवस्थापक म्हणाले.

"महिनाभर मी नातवाला जवळ घेतलं नाही," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, माझी सावली त्या लेकराला बाधायची."



बाबांनो, यंत्र बिघडलं तर कारण विचारा आणि ते डोळ्यांनी बघा. कारणाऐवजी कुणी माणसाकडे बोट दाखवलं, तर आधी त्यालाच तपासा. आम्ही विचारायला महिना लावला, आणि तो महिना मावशींना कुणी परत देणार नाही.