'नाही' लिहिलेला रकाना

माझ्या धाकट्या भावाने आठवडाभर आधी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "ताई, मंगळवारी तुझी रजाच ना?" मी हो म्हटलं. मग लॅबमधल्या दुसऱ्या बाईंची दाढ दुखायला लागली, माझी रजा गेली, आणि मंगळवारी सकाळी साडेनऊला खिडकीशी आमचे बंधुराज हजर, जाकिटाच्या आत डबी धरून. मला बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. वीर्याचा नमुना उबेत ठेवून तासाभरात आणायचा असतो. बिचारा पळत आला होता.

"परत जाऊ का?" त्याने विचारलं.

"जा की. आणि तासात दुसरी लॅब सापडते का बघ."

त्याने डबी पुढे केली. अठरा वर्षं मी हेच काम करते, पण सख्ख्या भावाचे शुक्राणू मोजायचे म्हणजे अतीच झालं. नमुना मी आतल्या मोठ्या बाईंकडे दिला. फॉर्म मात्र मलाच तपासायचा होता. आजार, औषधं, तंबाखू, दारू, सगळं ठीक. 'इतर नशा' या रकान्यात त्याच्या सुबक अक्षरात लिहिलेलं: नाही.

माझं डोकंच फिरलं. आमचा ढब्बू, म्हणजे हाच भाऊ, स्पीकर आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. शनिवारी चार वाजले की दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून दोन मित्रांबरोबर गांजा ओढतो, हे मला त्याच्या लग्नाआधीपासून माहीत. तिथून लाल डोळ्यांनी माझ्याकडे यायचा, बिस्किटांचा डबा रिकामा करायचा आणि स्वतःच्याच विनोदांवर लोळून हसायचा. मला तो तेव्हा फार गोड वाटायचा, खोटं कशाला सांगू. मी सगळं हसण्यावारी नेलं. पुढे शनिवारच्या जोडीला बाकीचे वार कधी आले, ते मी विचारलंच नाही.

त्याची बायको शाळेची बस चालवते. दोन वर्षं मूल होत नव्हतं, म्हणून तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाल्या, कुठे काही सापडलं नाही. हा मात्र 'मला काय धाड भरलीय' म्हणत स्वतःची तपासणी टाळत राहिला. त्याच गुरुवारी तिला भूल देऊन पोटात दुर्बीण घालून बघायचं ठरलं, आणि त्याआधी नवऱ्याचा रिपोर्ट हवाच, असं डॉक्टर अडून बसले.

दुपारी रिपोर्ट आला. संख्या बरीच कमी, हालचालही मंद. तो न्यायला आला तेव्हा मी त्याला जिन्यात गाठलं आणि फॉर्म पुढे धरला.

"हे काय लिहिलंयस?"

"ताई, त्याचा काय संबंध?"

"असू शकतो. गांजाने शुक्राणू कमी होऊ शकतात, सुस्तावू शकतात. तुझ्या बाबतीत तेच झालंय असं मी छातीठोक सांगत नाही. पण डॉक्टरांना कळलंच नाही, तर ते तिच्याच पोटात शोधत बसतील."

तो पायरीवर बसला. "सोडलं तर सुधारतं?"

"पुष्कळदा. नवे तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. पण आधी तिला सांग. माझं तोंड इथल्या नियमाने बंद आहे, तुझं नाही."

मी त्याला कोरा फॉर्म दिला. तो बुटाच्या नाड्यांशी खेळत राहिला. "तू ये ना बरोबर," तो म्हणाला. "एकट्याने जमणार नाही मला." चाळिशीला टेकलेला घोडा, पण आवाज शाळेतल्या ढब्बूचा. माझा राग तिथेच निम्मा झाला.

पाच वाजता आम्ही त्यांच्या घरी पोचलो. भावजय गुरुवारची पिशवी भरत होती: टॉवेल, चपला, जुने रिपोर्ट. ढब्बू टेबलाशी बसला, त्याने फॉर्म भरला आणि तिच्याकडे सरकवला. त्या रकान्यात त्याने गांजा लिहिलं होतं, किती वर्षं तेही, आणि पुढे 'जवळजवळ रोज'. मग त्याने तिला आजचा रिपोर्टही सांगितला, अडखळत, पण सगळा.

तिने फॉर्म दोनदा वाचला. त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळली.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"रिपोर्टचं आज कळलं. ओढतो ते माहीत होतं. तुमच्या लग्नाआधीपासून."

"पोरं उतरली की रिकाम्या बसमध्ये बसून रडायचे मी," ती म्हणाली. "माझ्यातच खोट आहे असं वाटायचं. तुमच्याकडे यायचे, तर तुम्ही पाठीवरून हात फिरवायचात. हात फिरवण्यापेक्षा एवढं एक सांगितलं असतंत तर."

मला माझी लाज वाटली. ढब्बू खाली मान घालून डोळे पुसत होता. तिने ओढणीचं टोक त्याच्यापुढे केलं, जरा रागानेच.

"तीन महिने," ती म्हणाली. "शनिवारी चारला ताई दुकानात येऊन बसतील. शटर पूर्ण उघडं. आणि बाकीचे सहा दिवस मी आहे."

"येईन," मी म्हणाले.

मग तिने दवाखान्यात फोन लावला.

"गुरुवारी ते दुर्बिणीचं करायच्या आधी आम्हा दोघांना डॉक्टरांशी बोलायचंय. हो, दोघांना." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "नाही, मला काही होत नाहीये. मी बरी आहे." ती थांबली, आणि मग तिला रडू फुटलं. "अहो, मी बरी आहे."