कच्चा कोक

दगडी कोळसा भाजून कोक बनवणाऱ्या ओव्हनची प्रमुख हातात कोकचे दोन तुकडे घेऊन घाबरतच लोखंडाच्या झोतभट्टीकडे निघाली. झोतभट्टी तिच्या सासऱ्यांच्या ताब्यात होती, आणि सासरे महिनाअखेर निवृत्त होणार होते. जाता जाता कारखान्याचा लोखंड उत्पादनाचा विक्रम मोडायचाच, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. घरी जेवताना दुसरा विषय नसायचा. सासूबाई वैतागून म्हणाल्याही होत्या, "आता ताटात लोखंडच वाढते!"

आणि नेमक्या आताच तिच्या ओव्हनच्या भिंती नीट तापेनाशा झाल्या होत्या. कंट्रोल रूममध्ये शिरताच तिने एका दमात सांगून टाकलं, "बाबा, कोक कच्चा निघतोय. कोळसा ओव्हनमध्ये जास्त वेळ ठेवावा लागेल. म्हणजे तुम्हाला कोक कमी मिळणार."

खोलीतले सगळे एकदम आपापल्या पडद्यांत डोकं घालून बसले. सासरे-सुनेच्या मध्ये कोण पडतंय!

सासऱ्यांनी तुकडे घेऊन एकमेकांवर आपटले. चांगला भाजलेला कोक खणखणतो. हे बद्द वाजले, आणि टेबलावर भुगा सांडला. झोतभट्टीत खनिजाचा सगळा भार कोकच्या डोक्यावर असतो. त्याचाच भुगा झाला, की खालून येणाऱ्या गरम हवेची वाट बुजते, वितळलेलं लोखंड खाली झिरपत नाही आणि भट्टी आतून गारठत जाते. अशी गारठलेली भट्टी पुन्हा पेटवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात.

येताना तिने मनात भांडणाची जय्यत तयारी केली होती. ती सगळी वाया गेली.

"हवा कमी करा," सासरे ऑपरेटरला म्हणाले. "भट्टी सावकाश चालू दे."

"साहेब, पण विक्रम..."

"ऐकू आलं नाही का?"

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आलाच. "हो, मीच कमी केली," सासरे म्हणाले. "कोक कच्चा आहे. ओव्हनच्या बाईंनी वेळेत सांगितलं, म्हणून निभावलं."

त्यांनी फोन ठेवला, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. "बाबा, तुमचा विक्रम गेला, आणि तुम्ही मला एका शब्दानेही बोलला नाहीत. मी हे जन्मात विसरणार नाही."

"गेला तर गेला. घरी आणून ठेवणार कुठे? तुझ्या सासूच्या कपाटात माझे शर्टसुद्धा मावत नाहीत."

तिला रडता रडता हसू फुटलं. सासऱ्यांनी टेबलावरचा भुगा तळहाताने गोळा केला आणि आवाज खाली आणला.

"एक ऐक. पुढच्या महिन्यात या खुर्चीत बसेल तो तुझा सासरा नसेल. ओरडेल, अपमानही करेल. त्याच्याही समोर असेच तुकडे आणून टाक. घाबरलीस तरी ये. आज आलीस, म्हणून माझी भट्टी वाचली."