एकतिसावं नाव

चूक माझीच. ट्युनिसच्या दप्तरखान्यात मी नऊ वर्षं धूळ खाल्ली, तेव्हा सापडलेलं पत्र सगळ्यांत आधी संतीनोकाकांना दाखवलं, तेही पहिला नंबर आलेल्या पोरीसारखं नाचत.

चारशे वर्षांपूर्वी चाच्यांनी आमच्या सिसिलीच्या किनाऱ्यावरून एकतीस माणसं पळवली आणि पलीकडे ट्युनिसला गुलाम म्हणून विकली. दर सप्टेंबरच्या उत्सवात चर्चमध्ये त्यांची नावं घेतात. ज्याच्या घराण्यातला माणूस, तो उठून नाव पुकारतो आणि सगळं गाव म्हणतं, "आमचाच!"

आमच्या घराण्यातला आंद्रेआ तोदारो. पत्र त्याचंच होतं. 'मी मुसलमान झालो. इथे बायको आहे, तीन मुलं आहेत. मला सोडवायला येऊ नका. माझ्या सुटकेचे पैसे भरून माझ्या जागी जुस्तोला न्या.'

संतीनोकाका इन्कांदेला घराण्यातले, उत्सवाचे प्रमुख. त्यांनी यादीतून आंद्रेआला सरळ खोडला.

"धर्म सोडला त्यानं. त्याचं नाव चर्चमध्ये घ्यायचं नाही."

"आणि दर शुक्रवारी माशाच्या रश्शात ट्युनिसकडून आलेला कुसकुस कालवून हाणता, तो काय पोपनं पाठवला?"

"जीभ आवर, निन्फा. इतिहास तुझ्या पुस्तकात ठेव."

असा संताप आला! नऊ वर्षं डोळे फोडले ते आंद्रेआला पुसून टाकायला?

उत्सवाच्या दिवशी काकांनी छाती काढून आपल्या पूर्वजाचं नाव पुकारलं, "जुस्तो इन्कांदेला!" सगळ्यांबरोबर मीही "आमचाच" म्हणाले. तीस नावं झाली. पाद्रीबाबांनी यादी मिटली. मी उठले.

"आंद्रेआ तोदारो!"

"आमचाच" म्हणायचं सोडून सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"त्याची मुलंही ऐका. महरेझ. यूसुफ. हबीबा."

"अगं, खाली बस! लाज कशी वाटत नाही?" मागून माझी सख्खी आत्या ओरडली.

"नाही वाटत!" मी पत्र वर धरलं. "काका, हे तुम्ही वाचलंय. शेवटची ओळ सांगा सगळ्यांना. जुस्तो कुणाच्या जागी परत आला?"

काकांची मान लाल झाली. पाद्रीबाबांनी ऑर्गनवाल्याला खूण केली, पण तो पठ्ठ्या काकांकडेच बघत बसला.

मी पुन्हा नाव पुकारलं. मग तिसऱ्यांदा. बसले नाही.

काका काठी टेकत उठले. वाटलं, आता मला बाहेर काढणार.

"आमचाच," ते जमिनीकडे बघत पुटपुटले.

"ऐकू नाही आलं, काका. आणि तीन मुलं अजून राहिलीत."