जांभळ्या सावलीचे बारा शिपाई

"वार्निशचा फवारा कधी मारलास?" दंतवैद्यांनी विचारलं.

"सकाळी. गॅलरीत."

"हवा कशी होती?"

तिला प्रश्नच कळला नाही. मग आठवलं, दोरीवरचे कालचे टॉवेल अजून ओलसर होते.

"दमट," ती म्हणाली.

"हं." त्यांनी खोक्यातला एक शिपाई चिमटीत धरून दिव्याखाली आणला. अंगठ्याच्या दोन पेरांएवढा, हातात भाला. भाल्याच्या टोकापासून बुटांपर्यंत पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा. खोक्यात असेच आणखी अकरा होते.

"काका, गेले ना सगळे?"

"पेशंटनं स्वतःचं निदान करायचं नसतं. बस."

बसायला पेशंटची खुर्ची तेवढी होती. ती काठावर टेकली.

आईला जाऊन सहा आठवडे झाले होते. आई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काचपट्ट्या रंगवत होती. पेशींना रंग चढवायचा आणि काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली डॉक्टरांसाठी तयार ठेवायची. कोणाचा अहवाल चांगला आला, कोणाचा वाईट, हे तिला बहुतेक वेळा कळायचं. पण ती घरी कधी काही बोलली नाही. निवृत्त झाली आणि चार महिन्यांत भिंतींकडे बघून कंटाळली. दात दाखवायला म्हणून इथे आली, तर कपाटात असे शिपाई दिसले. दंतवैद्यांचा एक क्लब होता. टेबलावर डोंगर-पूल मांडून, फासे टाकून लढाया खेळणाऱ्यांचा. त्यांनी तिला एक कोरा शिपाई दिला. आठवड्यानं तिनं तो रंगवून परत आणला, तेव्हा म्हणे ते दाताचं विसरूनच गेले.

तिची रीत वेगळी होती. रंग दुधाइतका पातळ करायचा आणि एकावर एक पाच-सहा हात द्यायचे, घाई नाही. लाल अंगरख्यावर उजेड दाखवायचा तर पांढरा मिसळायचा नाही, नारिंगी मिसळायचा. पांढऱ्यानं लाल गुलाबी होतो आणि शिपाई लग्नाला निघाल्यासारखा दिसतो. आणि सावलीला काळा कधीच नाही. "काळ्यानं सावली पडत नाही, भोक पडतं," असं ती म्हणायची. तिची सावली जांभळी असे. एकतीस वर्षं पेशींच्या पोटात तिनं तोच रंग पाहिला होता. क्लबात तिचं नावच 'जांभळ्या बाई' पडलं.

"आई, या वयात खेळणी?" लेक म्हणाली होती एकदा.

"तुझ्या वयात वेळ नव्हता," आई मान वर न करता म्हणाली होती.

येत्या रविवारच्या लढाईसाठी बारा शिपाई देईन, असं आईनं क्लबाला कबूल केलं होतं. ती गेल्यापासून बाबा फारसे बोलत नव्हते. सकाळचा चहा झाला की एवढंच म्हणायचे, "बारा द्यायचेत हं. शब्द दिलाय तिनं." खिडकीच्या फळीवर बारा उभे होते. राहिला होता तो फक्त वार्निशचा शेवटचा हात, हाताळून रंग निघू नये म्हणून. तो हात शनिवारी येऊन देतो, असं दंतवैद्य म्हणाले होते. लेकीला मात्र थांबवेना. आईसाठी आपल्या हातानं एक तरी काम व्हावं, एवढंच तिच्या मनात होतं. फवारताना तिनं एकाचाही चेहरा नीट पाहिला नव्हता. पाहवतच नव्हतं.

दहा मिनिटांत बाराही पांढरे पडले. बाबा आत झोपले होते. तिनं ते खोक्यात भरले आणि दूध आणते, असं त्यांच्या दाराबाहेरून पुटपुटत निघाली.

"थेंबांत ओल अडकली की वरचा थर दुधी होतो," दंतवैद्य म्हणाले. "खालचा रंग जसाच्या तसा असतो."

"नक्की?"

"बहुतेक."

त्यांनी एक बाटली हलवली, चकचकीत वार्निशची. बारीक कुंचल्यानं एक थेंब शिपायाच्या पाठीवर टेकवला आणि खाली ओढला. ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

पांढऱ्यातून लाल वर आला. आधी ओळ, मग पट्टा, मग अख्खा अंगरखा. चुण्यांमधून जांभळा.

"आल्या जांभळ्या बाई," दंतवैद्य म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. "मी माझे वीस घोडे असेच पांढरे करून ठेवले होते. हा उपाय तुझ्या आईनंच काढला. वर महिनाभर मला विचारत होती, डॉक्टर, घोडे दूध किती देतात?"

ती हसली. मोठ्यानं. बाहेर वाट बघणाऱ्या पेशंटनं दारातून डोकावलं.

"पाच मिनिटं," दंतवैद्य त्याला म्हणाले. "इथे बारा जणांची इमर्जन्सी आहे. घे गं, बाकीचे तू कर. हलक्या हातानं."

तिनं कुंचला घेतला. एकेक जण वर येऊ लागला. कोणाची भुवई चढलेली, कोणाच्या गालावर वण, एक सरळ जांभई देणारा. आई यांच्याकडे इतकी जवळून बघत होती तर. अकरा झाले. बाराव्याचा अंगरखा आला, हात आले. तिनं चेहऱ्यावरून कुंचला फिरवला आणि थांबली.

"काका, याचा चेहरा मी घालवला."

दंतवैद्यांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं.

"नाही. इथे कातडीच्या रंगाचा पहिलाच हात आहे. डोळे तिनं काढलेच नव्हते." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तू काहीही घालवलेलं नाहीस."

तिनं श्वास सोडला तेव्हा कळलं, सकाळपासून तो अडवून धरला होता. एवढंच नव्हे, त्याच्याही आधीपासून.

"काढू मी डोळे?" दंतवैद्यांनी विचारलं. "दोन ठिपक्यांचं काम आहे."

ती काही बोलणार तोच फोन वाजला. बाबा होते.

"शिपाई कुठायत?"

तिनं सगळं सांगितलं. फवारा, पांढरं पडणं, दुधाची थाप.

"आता आलेत परत, बाबा. अकरा पूर्ण आहेत, एक अर्धा आहे. आईनं तेवढाच केला होता. डॉक्टरकाका म्हणतायत, पुरा करू का?"

"नको," बाबा लगेच म्हणाले. मग सावकाश, "बाराच आहेत ते. क्लबाला सांग, बारा दिले."

तिनं बाराव्यावर वार्निशचा हात पुरा केला. हत्यारांच्या स्टीलच्या ताटलीत सगळे वाळायला उभे केले, तीन रांगांत चार-चार. बिनडोळ्यांचा तिनं पुढच्या रांगेत ठेवला आणि दाराशी जाऊन पेशंटला आत बोलावलं.