उत्तर दारावरचा उभा दगड

मित्रांनो, मी कॅथीड्रलच्या उत्तर दारावरचा जुना दगड आहे. मला नाक नाही, डोळे नाहीत. कधी काळी मला चेहरा होता, हे सांगूनही कुणाला पटत नाही.

इंग्लंडातल्या एका टेकडीच्या पोटात मी थराथरांनी निजलो होतो. खाणीतून निघालो तेव्हा मुख्य मिस्त्री ऑस्बर्ट यांनी माझ्या वरच्या अंगावर कोळशाने फुली मारली. प्रत्येक दगडावर ते अशी फुली मारत. "जमिनीत जसा निजला, तसाच भिंतीत निजवा," हे त्यांचे पालुपद साऱ्या पाथरवटांना पाठ होते.

मी हेमो पाथरवटाच्या वाट्याला आलो. त्याची सहा वर्षांची मुलगी मेबल रोज त्याच्यासाठी जवाचा पाव आणि चीज आणायची. समोरचा दात पडल्यापासून ती त्या फटीतून शिट्टी वाजवत यायची. ईस्टरआधीच्या उपवासात ती तापाने गेली. आठवडाभर हेमोने छिन्नी हातात धरली नाही. मग त्याने मला पुढ्यात ओढले. त्याची बायको गोडिथ दर रविवारी उत्तर दारातून आत जाई. त्या दारावर त्याला मेबल हवी होती.

पण माझी जाडी जेमतेम वीतभर. मला आडवा ठेवला तर चेहरा बसेना. जाड दगड येईपर्यंत थांबायला हेमोला धीर नव्हता. त्याने फुली पुसली आणि मला उभा केला.

मिस्त्रींच्या नजरेतून ते सुटते थोडेच!

"हेमो, लेका, उभा दगड पापुद्रे सोडतो. विसरलास?"

"नाही, मिस्त्री."

"तुझ्या नातवंडांना ही दिसायची नाही."

"मला आता कुठली नातवंडं, मिस्त्री?"

ऑस्बर्ट यांनी स्वतःच चुन्याचे घमेले पुढे सरकवले. जन्मभर पाळलेला नियम त्यांनी मोडू दिला, आणि मी मात्र चेहरा मिळाला म्हणून हुरळून गेलो. त्याची मला आजही लाज वाटते.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. बिशपसाहेबांनी मान वर करून विचारले, "हा देवदूत कुणी घडवला?"

"देवदूत कसला, साहेब! देवदूताचा दात पडलेला असतो होय?" गोडिथ हसत म्हणाली, आणि लगेच डोळे पुसू लागली.

मग हिवाळे आले. अर्धवट भिंतींवर गवत आणि शेण पसरून कामकरी त्यांना थंडीपासून जपत. माझे काम पुरे झालेले, म्हणून मी उघडाच. पाणी माझ्या थरांत शिरे आणि तिथेच गोठे. अकराव्या हिवाळ्यात नाकाओठांचा पापुद्रा सुटून पायरीवर पडला. दातांमधली ती फटही गेली.

गोडिथने तो तुकडा उचलून घरी न्यायला झग्याच्या ओच्यात घेतला. हेमो खाली बसला.

"आडवाच ठेवायला हवा होता गं."

"आडवी तर तिला आपण मातीत ठेवलीच होती," गोडिथ म्हणाली. "तुम्ही उभी केलीत, म्हणून अकरा वर्षं मला दर रविवारी दिसली."

ती दोघेही गेली. उरलेला चेहराही पापुद्र्यापापुद्र्याने गेला. मित्रांनो, घाई दुःखाची असली तरी दगडाचा निजायचा धर्म मोडू नका, आणि जे उघड्यावर आहे त्याला वेळीच पांघरूण घाला.

उत्तर दारातून जाताना एकदा वर बघा. जिथे काहीच दिसत नाही, तिथे मेबल आहे.